खिडकीतून धरलेली जागा

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हो म्हणाली. मोनाली हो म्हणाली! मी दोनदा विचारलं, मले खरंच वाटे ना.

पोरं दिवाळीले माझ्याकडे अमरावतीले. तीन वर्षांनी. खुशी आता दहाची झाली असन, पियुष सहाचा. मांगं आला तेव्हा त्याले चप्पल उलटी की सुलटी समजत नव्हती.

अटी घातल्या तिनं. एक — भाऊबीजेच्या दिवशी दिवे लागायच्या आत पोरं अकोल्याले घरी पाहिजेत, तिचे भाऊ येतात ओवाळून घ्याले. दुसरी — शेखर घरात दिसला नाही पाहिजे.

शेखर माझा पोरगा. सुरतले आहे म्हणतात. दिवाळीलेही त्याचा फोन येत नाही, तो काय दिसणार. फारकत झाल्यावर पोरं मायजवळ, मोनालीजवळ, राहिली ते बरोबरच झालं, मी कोर्टातही तेच बोलली. पण मांगच्या वेळी तो अचानक माझ्याकडे उगवला, मी हार गुंफत बसली होती, अन् याने पियुषले गाडीवर बसवून नेलं. सांगितलं नाही, काही नाही. दिवसभर पत्ता नाही. मोनाली तिकडून रडे, मी इकडून. संध्याकाळी आणून सोडलं जसं काही झालंच नाही. तेव्हापासून तिनं पोरं पाठवणं बंद केलं. मी तिच्या जाग्यावर असती तं मीही तेच केलं असतं.

ही दिवाळी म्हणजे माझी परीक्षा आहे, मले समजते. नीट पार पडली तं उन्हाळ्यातही येतीन पोरं. नाही तं गेली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काल जाऊन घेऊन आली पोराईले. जाताना जागा मिळाली, येताना खुशी अर्धा रस्ता उभी. बायकांचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून अख्खं वऱ्हाड माहेराले निघालं असं वाटते. त्यात मीही आली म्हणा.

एक गोष्ट खटकली. पियुषच्या हातावर, कोपराखाली, पेनानं मोनालीनं आपला फोन नंबर लिहिला होता. लपवला नाही, माझ्यासमोरच गिरवला पुन्हा. मी म्हटलं, "हे काय वं? मी का परकी हाय?" ती म्हणे, "परकं कोन म्हनते तुमाले. गर्दी हाय."

दवाखान्यात नर्स आहे ती, बोलणं तसंच — पट्टी बांधल्यावानी, घट्ट अन् मोजकं. पहिले आई म्हणे मले. आता कशानंच हाक मारत नाही. 'ऐका' म्हणते, नाही तं नुसतीच बोलाले लागते.

अन् पियुषले तो नंबर पाठ करून दिलेला. पाढे म्हणावे तसा म्हणते तो. जेवताना म्हणते, संडासातून म्हणते. मले राग आला, खोटं कशाले बोलू.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली आंघोळ. उटणं लावून दोघाईले घासलं. पियुषच्या हातावरचा नंबर निघे ना, मी जरा जोरातच घासला. निघाला. तो म्हणे, "आजी, मम्मी बोलन." मी म्हटलं, "मम्मीले म्हना देवाचं उटनं होतं."

चकलीचं भाजणीपीठ जरा जाड दळलं गेलं. खुशीनं खाल्ल्या तरी. ती समजदार पोरगी आहे, मन राखते. असं मन राखणारं पोरगं पाहिलं की मले वाईट वाटते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. लोकाईची दिवाळी असते तेव्हा आमचा धंदा असते. वलगावचे खुशालराव सकाळीच झेंडूचे पोते टाकून गेले. शेवंती कमी आली. पोरं दिवसभर माझ्यामांगं पोत्यावर बसली होती. मी दर दोन हाराले मागे वळून पाहो — आहेत ना, आहेत ना. एक गिऱ्हाईक बोललाच, "काकू, फुलं विकता का मान फिरवता?"

मोनालीचे तीन फोन. पियुष कुठी आहे, खुशी कुठी आहे, जेवली का. तिसऱ्या फोनले मी जरा तडकून बोलली. मंग पस्तावली. तिची चूक काय त्यात.

२२ ऑक्टोबर, बुधवार

उद्या भाऊबीज. 

शेजारच्या पार्बताबाई म्हणे, "आजच काहून नाही जात? उद्या स्टँडवर मुंगीले जागा राहत नाही." पण आज हार द्यायचे होते पाडव्याचे. अन् खरं सांगू? अजून एक रात्र पाहिजे होती मले. पोरं दोन्हीकडून झोपतात, खुशीचा पाय माझ्या पोटावर, पियुषचं डोकं खांद्यावर. कसं सोडू एक दिवस आधी.

रेल्वेनं बडनेऱ्याहून जावं म्हटलं तं लोक म्हणतात डब्यात पाय ठेवाले जागा नाही, पोरं चेंगरतीन. तं बसच. सकाळी निघाली की दुपारी अकोला. दिवे लागाले लय वेळ राहते तोवर.

पियुषच्या हातावर माझा नंबर लिहू का? तिचाच पुसला अन् माझा लिहू, हे कसं दिसन. राहू दे. हात धरून नेणार आहे मी, सोडते थोडीच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, अकोला

पोरं घरी आहेत. दोन्ही. आज यापेक्षा जास्त लिहवत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

परत आली अमरावतीले. घर खायला उठलं आहे. आता लिहितो, नाही तं डोक्यातून जाणार नाही.

आमचे हे, वामनराव, वर जाऊन आठ वर्षं झाली पण त्याईचं एक सांगणं माझ्या हाडात बसलं आहे. गाडी स्टँडमध्ये घुसली की विचारत बसायचं नाही, विचारणारा उभ्यानं जाते. धावत खिडकी गाठायची, हातातला रुमाल, दस्ती, टाकायची. दस्ती कोणी फेकून देते, तं पोरगं टाकायचं. पोरगं कोणी फेकत नाही. शेखरले असंच टाकलं आम्ही कितीतरी वेळा. साऱ्या गावाची हीच रीत आहे. माणसं दारातून, पोरं खिडकीतून.

काल स्टँडवर काय गर्दी! ओवाळणीचे डबे, पेढ्याचे खोके, नवे कपडे, रडणारी पोट्टी. दोन अकोला गाड्या आमच्या डोळ्यासमोरून भरून गेल्या. पहिलीत शिरलीच नाही मी, पोरं चेंगरली असती. दुसरीत खुशी चढली, मी चढली नाही, तिले ओढून उतरवली. ऊन वर चढून राहिलं. मोनालीचा फोन आला, "निघाल्या का?" मी म्हटलं, "निघालोच." अजून फलाटावरच होतो.

तेवढ्यात एक गाडी आली. समोर पाटी — अकोला. मी पाहिली, माझ्या डोळ्यानं पाहिली. आता समजते की ती अकोल्याहून आलेली होती, पाटी पलटवायची राहिली होती. सणाची जादा गाडी. कोणाले विचारलं असतं तं एका शब्दात समजलं असतं. पण विचारणारा उभ्यानं जाते ना!

धावली. तीन माणसाची सीट रिकामी दिसली खिडकीतून. दस्ती टाकली. तिकडून एकानं उचलून आतच बाजूले टाकली. मी पियुषले उचललं अन् दिलं आत. म्हटलं, "आडवा पड बाप्पा सीटवर. कोनालेच बसू देऊ नको. मी दारातून येतो."

तो हसला. त्याले मजा वाटली.

दाराशी माणसाचा भिंतीसारखा थर. मी एक पाय पायरीवर ठेवला, कोणीतरी ढकललं, खुशीचा हात सुटला, मी तिले पाहाले खाली उतरली. दार लागलं. गाडी हलली. मले वाटलं फलाट बदलून राहिली. ती फाटकाकडे वळली. खुशी ओरडली, "आजी, पाटी पाहा!" कंडक्टरनं आतून पाटी पलटवली होती. परतवाडा.

मी धावली. एकसष्ट वर्षाची बाई, नऊवारी नाही तरी लुगडंच ते, धावून धावून किती धावणार. गाडी रस्त्याले लागली. खिडकीत मले पियुष दिसलाही नाही. दिसणार कसा, मीच त्याले आडवं पडाले सांगितलं होतं.

  खुशी रडत होती अन् माझा पदर ओढत होती — "मम्मीले फोन कर, मम्मीले फोन कर." अन् मी — मी फोन हातात घेतला अन् मोनालीचं नाव पाहिलं अन् लावला नाही. पहिली गोष्ट मनात आली ती पियुषची नाही. पहिली गोष्ट आली की आता ही मले पोरं कधीच देणार नाही. देवा, हे मी इथंच लिहितो. दुसऱ्या कोणाले सांगू शकत नाही.

चौकशीच्या खिडकीवर सांगितलं. तो बिचारा वीस माणसाईले एकदम उत्तर देत होता. म्हणे, "बाई, कळवतो, तुमी बसा." बसू कशी?

मंग सुचलं. परतवाड्याचा रस्ता वलगाववरून. खुशालरावले फोन लावला. म्हटलं, "खुशालराव, झेंडू सोडा, आत्ताच्या आत्ता रस्त्यावर उभे राहा. अमरावतीची परतवाडा गाडी आडवा. माझा नातू त्यात एकटा हाय." माणूस चांगला. एक प्रश्न विचारला नाही.

आम्ही ऑटोत बसलो वलगावकडे. रस्त्यात त्याईचा फोन आला. गाडी आडवली, म्हणे. पोरगं आहे, बरं आहे. पण कंडक्टर देत नाही. "म्हनते, बेबीताईच्याच हाती देईन, दुसऱ्या कोनाच्या नाई. परतवाड्याले या म्हना." खुशालराव म्हणे, मी भांडलो, माझं गाव, माझी वळख, पण तो हटला नाही. "मी गाडीमांगं मोटरसायकल घेऊन जातो, काकू. नजर ठेवतो. तुमी या."

मले त्या घाईत एवढंच वाटलं, खुशालरावनं माझं नाव सांगितलं असन.

वलगावहून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेतलं आम्हाले. खुशीले मांडीवर घेतलं, दहा वर्षाची पोरगी. आसेगाव आलं, पूर्णेचा पूल गेला. मी सारा वेळ मनात काय काय पाहो — तो घाबरून उतरला, कोणी हात धरला, कोणी बिस्कीट दिलं. खुशी म्हणे, "आजी, पियुष रडला असन?" मी म्हटलं, नाही वं. अन् मीच रडाले लागली.

परतवाड्याच्या स्टँडवर तो कंडक्टरजवळ बाकावर बसला होता. हातात चकली. माझी दस्ती गळ्यात बांधली होती. खुशालराव बाजूले उभे, घामानं भिजलेले.

मले पाहून पियुष उभा झाला अन् पहिलं काय म्हणाला — "आजी, तू आलीच नाही. मी जागा धरून ठेवली होती. कोनालेच बसू दिलं नाई."

कंडक्टर म्हणे, "खरं हाय मावशी. तीन मानसाच्या सीटवर आडवा पडला होता. बायका हात जोडे, तरी उठे ना. म्हने, आजी येनार हाय." मी त्याच्या पाया पडाले वाकली, त्यानं धरलं. मंग विचारलं, "तुमीच बेबीताई ना?" मी मान हलवली. त्यानं पियुषलेही विचारलं, "हेच का तुही आजी?" तेव्हा सोडला हात त्याचा.

तिथून अकोटमार्गे अकोल्याची गाडी मिळाली. बसालेही मिळालं. आता देव जागा देत होता. पियुष झोपून गेला. खुशी जागी. बऱ्याच वेळानं म्हणे, "मम्मीले सांगायचं?"

मी म्हटलं, "मी सांगतो. आधी मी, मंग तुमी."

दुपारपासून मोनालीचा एकही फोन आला नव्हता. दर तासाले फोन करणारी बाई! मले वाटलं, भाऊ आले असतीन, कामात असन, देव पावला.

पोहोचलो तेव्हा दारात पणत्या लागल्या होत्या. उशीर झालाच. मोनाली दारातच उभी होती. पियुषले उचललं, एवढ्या मोठ्या पोराले, अन् धरूनच राहिली. मी म्हटलं, "गाडीले लय गर्दी होती."

ती म्हणे, "हो. असन."

बस. एवढंच. उशीर काहून झाला, फोन काहून नाही केला, काही नाही. मले चहा दिला. हात धुवाले गरम पाणी दिलं. ओवाळणी झाली. खुशीनं पियुषले ओवाळलं, अन् दोन्ही पोरं माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. मी सांगणार होती ना आधी. म्हणून ती थांबली होती.

मी सांगितलं नाही. जेवताना सांगू म्हटलं, तिचे भाऊ होते. झोपताना सांगू म्हटलं, ती थकली होती. सकाळी सांगू म्हटलं, तिले ड्युटीवर जायचं होतं. अन् मंग माझी गाडी.

निघताना खुशीनं मले मिठी मारली नाही. हात हलवला नुसता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

धंद्यावर बसली. हातातली सुई दोनदा बोटात गेली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

खुशालराव फूल घेऊन आले. मी म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू. ते म्हणे, काही नाही हो काकू. मंग म्हणे, "त्या कंडक्टरले तुमचं नाव कसं मालूम? म्या तं हारवाल्या काकूचा नातू म्हटलं. मले तुमचं खरं नाव त्याच्याच तोंडून समजलं."

पियुषनं सांगितलं असन. पण तो मले आजी म्हणते. त्याले माझं नाव माहीत आहे का? असन. पोराईले सारं माहीत असते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

एक विचार आला. तो नंबर पियुषले पाठ आहे. त्यानं कंडक्टरले सांगितला तं नसन?

नाही. सांगितला असता तं मोनालीनं मले सोडलं असतं का? त्या दिवशीच अख्खं घर डोक्यावर घेतलं असतं. चहा दिला नसता. नाही, तिले माहीत नाही.

म्हणजे पोरं अजून गप्प आहेत. माझ्यापायी. दहा वर्षाची पोरगी मायपासून गोष्ट लपवून राहिली, कारण आजीनं 'आधी मी' म्हटलं. मी तिले हे शिकवलं या दिवाळीत. चकल्या नाही, हार गुंफणं नाही, हे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन हातात घेतला. ठेवला. पार्बताबाईले सारं सांगितलं. ती म्हणे, "झाकली मूठ ठेव. पोरगं सापडलं ना? सांगून काय उन्हाळा घालवतं आपला?"

बरोबर बोलते ती. उन्हाळा जाईन. मोनालीले सांगितलं तं पोरं इथं पुन्हा येणार नाहीत, हे मले सूर्यासारखं दिसते. न सांगितलं तं येतीन कदाचित. येतीन अन् खुशी माझ्याकडे तशीच पाहीन.

१ नोव्हेंबर, शनिवार

खुशीले फोन केला. "बरी आहे," म्हणे. "अभ्यास आहे." मांगं पियुषचा आवाज — जागा धरून ठेवली होती, जागा धरून ठेवली होती — कोणाले तरी सांगत होता. तिनं त्याले चूप केलं. मी ऐकलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीची लग्नं सुरू. हार, बोरं, ऊस, लय गिऱ्हाईक. सारं तसंच टाकून मोनालीले फोन केला, रस्त्यावर उभ्यानंच. सारं सांगितलं. खिडकी, पाटी, परतवाडा. तुले फोन करायच्या ऐवजी मी स्वतःच्या उन्हाळ्याचा विचार केला, तेही सांगितलं. म्हटलं, आता पोरं पाठवू नको, माझी ना नाही.

तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "मले त्याच दुपारी मालूम होतं, आई. पियुषनं नंबर सांगितला. कंडक्टरचा फोन आला."

मी म्हटलं, मंग बोलली काहून नाही वं?

"तेव्हा फोन केला असता तं तुमी रस्त्यात कोसळल्या असत्या, अन् खुशी तुमच्याजवळ होती. मांगून बोलली नाई, कारन तुमी सांगता का नाई ते पाहून राहिली होती. कंडक्टर विचारे, कोनी मानूस आला पोराले न्याले, देऊ का? का पोलिसात देऊ? म्या म्हटलं, त्या मानसाले देऊ नका. मांगून त्याची आजी येऊन राहिली असन. बेबीताई नाव हाय. तिच्याच हाती द्या."

मी गाडीमांगं निघाली हे तिले कोणीच सांगितलं नव्हतं.